घोडी, दोरी आणि बत्तिसावं स्तोत्र

आमच्या घरी घोडी असायची ती लग्नाची. पप्पांनी एकवीस वर्षं नंदुरबार, शहादा, तळोदा या पट्ट्यात नवरदेव मिरवले. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे नव्या माणसाला गंमत वाटायची. आत मंगलाष्टकं चालू असायची आणि पप्पा मांडवाच्या दाराशी मोरकी धरून तोंडातल्या तोंडात उपासनेचं गीत गुणगुणत उभे. अक्षता त्यांच्या टोपीवरही पडायच्या.

2022 च्या पावसाळ्यात पप्पा गेले. दोन महिन्यांत त्यांची म्हातारी घोडीही पोटशुळानं गेली. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलं की अडकलंच. मी सुरतेचं काम सोडून घरी आलो. चर्चला जायचो, पण बसायला शेवटचा बाक आणि निघायला पहिला नंबर. पाळकसाहेब दारात "सलाम" म्हणायचे, मी मान हलवायचो. देवाशी माझं बोलणं जवळजवळ बंदच होतं. जे काही होतं ते भांडण.

2023 साली दत्तजयंती 26 डिसेंबरला आली, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी. आईनं केलेल्या करंज्या डब्यात घेऊन मी सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. तापीकाठी एकमुखी दत्ताचं मंदिर, आणि यात्रेत मारवाडी, काठेवाडी, पंजाबातून आलेले पांढरे नुकरे असे घोडेच घोडे. लाखालाखांचे घोडे चेतक महोत्सवाच्या मांडवात मिरवत होते. माझ्या खिशात पंच्याऐंशी हजार होते. तेवढ्या पैशांत एक मळकट पांढरी, पाच वर्षांची घोडी मिळाली, राणी. विकणाऱ्यानं तिच्या गळ्यावरचा केसांचा भोवरा दाखवला, "देवमण आहे, घराचं भलं होईल." माझा भोवऱ्यांवर विश्वास नाही. तरी वाकून पाहिला, खोटं कशाला सांगू. ग्लँडर्स या घोड्यांच्या सांसर्गिक रोगाच्या तपासणीचा कागद मात्र नीट वाचून घेतला. घोडी मान खाली घालून गरीब गाईसारखी उभी होती.

चौथ्या दिवशी ती गाय राहिली नाही. तिला काही पाजलं होतं की थंडीनं आणि गर्दीनं ती गळून गेली होती, देव जाणे. लगाम दाखवला की दोन पायांवर. उजव्या अंगाला हात लावू देईना. ताशाचा आवाज दुरून आला तरी अंगभर थरथर. नंदुरबारला हिवाळ्यात मिरच्यांच्या पथाऱ्या पडतात. नजर पोचेल तिथवर जमीन लालभडक आणि कडेला फडफडणारी प्लॅस्टिकं. पहिल्याच आठवड्यात तिला त्या बाजूनं नेलं तर ती त्या लाल मैदानाच्या काठावर खिळली आणि मग अशी उधळली की दोरी माझ्या दोन्ही तळव्यांची साल घेऊन गेली. हाताला हळद बांधत आई म्हणाली, "फारोचे घोडेसुद्धा तांबड्या समुद्रातच बुडाले रे बाबा."

तसं पाहिलं तर पवित्र शास्त्र घोड्यांबद्दल फारसं चांगलं बोलत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकात राजाला ताकीद आहे की घोडे फार वाढवू नकोस. विसाव्या स्तोत्रात घोड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांची कीव आहे. तोंडभर कौतुक सापडतं ते ईयोबाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात. तिथला घोडा रणशिंग ऐकून "आहा!" म्हणतो. आमची राणी बँजोची पहिली तार ऐकून दावं तोडायची. आणि बत्तिसाव्या स्तोत्रातलं नववं वचन तर संडे स्कूलमध्ये कान पिळून पाठ करून घेतलेलं: घोड्यासारखे, खेचरासारखे निर्बुद्ध होऊ नका, त्यांना आवरायला लगाम लागतो. मी ते वचन राणीला तावातावानं ऐकवायचो. तिच्यावर काही परिणाम नव्हता.

शेवटी पप्पांच्या ओळखीचे नालबंद चाचा आले. घोड्याची टाप महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढते, त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी त्यांची फेरी असतेच. त्यांनी नालांची पिशवी उघडलीच नाही. कट्ट्यावर बसून बिडी पेटवली आणि मी काय करतो ते पाहत राहिले. मी मोरकीची दोरी ओढत होतो, ती मागे रेटत होती. बराच वेळ झाल्यावर चाचा म्हणाले, "तू वढस म्हनीसन ती बी वढस. ढील दे ना भो."

ढील दिली तर पळून जाईल, असं मी म्हणालो. मग त्यांनी दोरी स्वतःच्या हातात घेतली.

जे पाहिलं ते सांगतो. त्यांनी दोरीला जेमतेम ताण दिला, सुतळीनं बांधलेली पुडी उचलताना देतो तेवढा. आणि थांबले. ओढ वाढवली नाही, सोडलीही नाही. राणीनं मान झटकली, कान मागे पाडले, शेपटी आपटली. त्यांचा हात तिथंच. दोनेक मिनिटं गेली असतील. मग तिचं एक पुढचं पाऊल, पाऊल कसलं, नुसतं टापेचं टोक त्यांच्याकडे सरकलं. त्याच क्षणी दोरी सैल. पार लोंबती. राणी गोंधळून उभी राहिली. मग तिचा खालचा ओठ हलला, जबडा चघळल्यासारखा फिरला, जीभ एकदा बाहेर आली आणि नाकातून लांब श्वास सुटला. "आते बास. आजनं काम व्हयनं," चाचा म्हणाले आणि चहा मागितला.

चहा पिताना त्यांनी समजावलं. घोडं ताणातून शिकत नाही, ताण सुटतो तेव्हा शिकतं. तू सोडशील तो क्षण त्याला बरोबर कळायला हवा. उशिरा सोडलंस तर ते चुकीचंच शिकणार.

पुढचे सहा आठवडे माझं हेच काम. सकाळी दादर ज्वारीचा कडबा, भिजवलेले हरभरे, कोंडा, पण सगळं थोडं थोडं आणि पाच-सहा वेळा, कारण एवढ्या धिप्पाड जनावराचं जठर फार लहान असतं. मग खरारा. मग लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी फिरवणं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना, त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. आम्ही माणसं नेमके तिथूनच हात घालतो. शिवाय डाव्या डोळ्यानं ओळखून घेतलेलं खताचं पोतं उजव्या बाजूनं दिसलं की राणी पुन्हा बुजायची. प्रत्येक वस्तू दोनदा दाखवायची: छत्री, झूल, फुगा, मोबाइलवर लावलेला ताशा. मला यात माझंच काही दिसायला लागलं. पोटापाण्याच्या बाजूनं देवावर माझा भरवसा कधी ढळला नव्हता, पण पप्पांच्या खाटेच्या बाजूनं तोच देव मला परका वाटत होता.

फेब्रुवारीत मी माती खाल्ली. एका घरची सुपारी घेतली होती, तारीख जवळ येत होती आणि राणी खोगीर पाठीवर ठेवू देईना. मी दोरीच्या शेपटानं तिला तीन-चार फटके दिले. तिनं दुगाण्या झाडल्या, बादली चेपली, आणि पुढचे आठ दिवस मी गोठ्यात शिरलो की ती माझ्याकडे पाठ करून उभी. त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि माझा हात उचलला गेला नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, तिथं घोडी धरतात का, हे पाळकसाहेबांना विचारायची हिंमत झाली नाही. मी ताट पुढे दिलं.

गूळ नेला तर तिनं घेतला नाही. मग मी तीच चेपलेली बादली उपडी घालून गोठ्याच्या कोपऱ्यात बसायला लागलो. तिच्याकडे पाठ, हातात दोरी नाही. पहिल्या दिवशी मोबाइल बघितला, दुसऱ्या दिवसापासून पप्पांचं शास्त्र नेलं. त्यात बत्तिसावं स्तोत्र उघडलं ते नवव्या वचनासाठीच, पण त्याच्या आधी आठवं होतं. ते कुणी आम्हाला पाठ करायला लावलं नव्हतं. तिथं देव म्हणतो, तुझ्यावर नजर ठेवून मी तुला वाट दाखवीन. लगामाची गोष्ट त्यानंतर येते. त्याला मुळात लगाम नकोच आहे, नुसत्या नजरेवर चालायचं आहे. इतकी वर्षं मी ती धमकी म्हणून ऐकत होतो.

सहाव्या संध्याकाळी मानेवर गरम वाफ आली. मी हललो नाही. तिनं माझी कॉलर हुंगली, केस ओले केले आणि शास्त्राच्या पानाचा एक कोपरा खाल्ला. तो कोपरा अजून तसाच आहे, स्तोत्र चौतिसापाशी.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही, पण झालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिनं पहिला नवरदेव नेला. डीजेच्या गाडीपासून आम्ही लांब राहिलो. पैसे कमी मिळाले, नवरदेवाच्या मामानं तोंड वाकडं केलं. घोडी नाचवा म्हणून दोघंतिघं मागे लागले, मी नाही म्हणालो. नाचवण्यासाठी काय काय करतात ते मला ठाऊक आहे. परत येताना रात्री मिरच्यांच्या पथारीवरून मी तिच्यावर बसून आलो. फाट्यावर मी डावीकडे आमच्या गल्लीकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि दोरी न हलता ती वळली. शास्त्रीय कारण चाचांनी नंतर सांगितलं, की मान वळली की बैठकीचं वजन वळतं आणि घोड्याला ते पाठीवर कळतं. असेल. मी मात्र त्या रात्री तिच्या पाठीवर बसून पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा नीट प्रार्थना केली. त्यात मागणं काही नव्हतं.

24 मार्चला झावळ्यांचा रविवार होता, म्हणजे प्रभू येशू यरुशलेमात आले त्याची आठवण, आणि त्याच संध्याकाळी होळी. पाड्यांकडून सकाळपासूनच ढोल ऐकू येत होते. चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मिरवणुकीत राणीला पुढे ठेवायचं ठरवलं. मी म्हणालो, प्रभू गाढवीच्या शिंगरावर आले होते. ते म्हणाले, "आता गाढव कुठून आणू? वीटभट्टीवाले देत नाहीत." ढोलांमधून राणी छान चालली, मला कौतुक वाटलं. मग चर्चच्या फाटकाशी पोरांनी एकदम शिंदीच्या झावळ्या उंचावल्या, आणि ती बुजली. खताचं पोतं, छत्री, फुगा, ताशा, सगळं दोन्ही डोळ्यांना दाखवलं होतं. झावळ्या राहिल्या होत्या.

मी दोरी ओढली नाही. मिरवणूक "होसान्ना" म्हणत आमच्या बाजूनं आत गेली आणि आम्ही दोघं फाटकाबाहेर राहिलो. ते वडीलधारे मागे वळून खुणा करत होते. मी हात हलवून त्यांना पुढे जायला सांगितलं. एका लहान मुलीची झावळी रस्त्यात पडली होती. बऱ्याच वेळानं राणीनं मान लांब केली, झावळी उजव्या डोळ्यानं पाहिली, मग डाव्या डोळ्यानं, एकदा फुरफुरली आणि शेंड्याकडून खायला लागली.