चार सेकंद
आज दिवसभर एकाच धड्यावर अडकून होतो. आमच्या छोट्याशा इतिहास-सॉफ्टवेअरमधला रेखांशाचा धडा. १७०७ साली इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी ब्रिटिश आरमाराची चार जहाजं बुडाली, १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेनं समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी बक्षीस लावलं, जॉन हॅरिसननं समुद्रावर वेळ न चुकवणारं घड्याळ घडवलं. सगळं पडद्यावर होतं, पण घड्याळाचा आणि नकाशाचा संबंध काय, हेच त्यातून कळत नव्हतं.

शेवटी माझा छंदाचा सेक्स्टंट, म्हणजे क्षितिजापासून सूर्याची उंची मोजायचं उपकरण, काढला. माध्यान्हीला सूर्य काही मिनिटं जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो, नेमका क्षण सापडतच नाही. म्हणून सकाळी एका उंचीवर त्याची वेळ टिपायची, दुपारी तो त्याच उंचीवर उतरला की पुन्हा टिपायची, आणि मधली वेळ काढायची. ती आपली माध्यान्ह; घड्याळ मूळ बंदराची वेळ दाखवत असेल, तर तिथल्या माध्यान्हीपासूनचा फरक म्हणजेच रेखांशातला फरक. (हे करताना मला अजूनही पहिल्या दिवसासारखा आनंद होतो.)

घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर जागा जवळपास १.८५ किलोमीटर सरकते. आता धड्यात विद्यार्थी स्वतः घड्याळ मागंपुढं करतील आणि जहाज नकाशावर सरकेल. त्यासाठी नवी आवृत्ती आठवडाभर पुढं ढकलली आहे. वाट पाहणाऱ्या शिक्षकांना आत्ताच तसं कळवलं.