एल्म स्ट्रीटच्या भिंतीतला तडा

न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वेपासून 200 फुटांच्या आत पाया खणायचा असेल, तर आधी ट्रान्झिट खात्याची मंजुरी घ्यावी लागते. आजूबाजूच्या इमारती कोणत्या अवस्थेत आहेत तेही नोंदवून ठेवावं लागतं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग याच नोंदींचा असतो. मॅनहॅटनमध्ये लाफायेत स्ट्रीटवर, कनाल स्ट्रीटच्या जरा दक्षिणेला, अशाच एका खोदकामावर आमची फर्म कंत्राटदाराची सल्लागार होती. खड्डा अर्ध्यावर आला आणि शेजारच्या विटांच्या जुन्या घराच्या मालकांचं पत्र आलं. रस्त्याकडच्या भिंतीला तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत तडा गेला आहे, काम थांबवा, भरपाई द्या.

पंचाईत अशी होती की पहिल्या पाहणीच्या वेळी ती भिंत कोणाला दिसलीच नव्हती. तिच्यावर गच्चीपर्यंत पत्र्याचं जुनं होर्डिंग ठोकलेलं होतं. ते उतरवलं आणि तडा उघडा पडला. कंत्राटदार म्हणत होता, हा जुनाच आहे. मालक म्हणजे सत्तरीचे एक चिनी गृहस्थ. सोबत त्यांची मुलगी दुभाषी म्हणून उभी. त्यांचं म्हणणं तिने मला एका वाक्यात सांगितलं, "जुना असेल तर जुना म्हणा, पण कशावरून ते लिहून द्या." मला ते अगदी रास्त वाटलं.

शिडी लावून तडा जवळून पाहिला. विटांच्या सांध्यांमधून तो पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेला होता. खालच्या दोन मजल्यांवर त्याच्या कडा काजळीने काळवंडलेल्या होत्या आणि आत जुन्या रंगाचे थर होते. त्याच्या वर कोणीतरी कधीतरी सिमेंटने सांधे भरले होते, आणि ते सिमेंटही मधोमध फुटलेलं होतं. तिथल्या कडा मात्र स्वच्छ, फिकट. म्हणजे एकाच तड्यात निरनिराळे काळ होते. पण काजळी वर्ष सांगत नाही, आणि मला वर्ष हवं होतं.

आजची लाफायेत स्ट्रीट इथे पूर्वी एल्म स्ट्रीट होती, आणि न्यूयॉर्कची पहिली भुयारी रेल्वे याच रस्त्याखालून गेली. 24 मार्च 1900 रोजी सिटी हॉलसमोर महापौरांनी चांदीच्या फावड्याने पहिली माती उचलली आणि 27 ऑक्टोबर 1904 रोजी गाडी धावली. सिटी हॉल ते ब्रॉडवेवरची 145वी स्ट्रीट, सुमारे 14.6 किलोमीटर, 28 स्थानकं, भाडं 5 सेंट. मुख्य अभियंता होते विल्यम बार्कले पार्सन्स. खोल बोगदा शक्य तिथे टाळून त्यांनी रस्ताच उघडला, चर खणला, दर पाच फुटांवर पोलादी चौकट उभी केली, चौकटींच्या मधे काँक्रीटच्या कमानी भरल्या आणि वरून रस्ता पुन्हा घातला. खर्च वाचला, प्रवाशांना जिनेही कमी चढावे लागले. पण चर घरांच्या पायांना खेटून जाणार होता आणि घरमालकांचे दावे येणार हे उघड होतं.

त्यासाठी पियर पुलिस नावाच्या छायाचित्रकाराला नेमलं गेलं. पुढे त्याचा भाऊ ग्रॅनव्हिलही याच कामात आला. 8 बाय 10 इंचांच्या काचेच्या प्लेटा आणि जड कॅमेरा घेऊन ही माणसं मार्गावरच्या इमारती, फुटपाथ, उघडे पडलेले पाइप, सगळं टिपत गेली. खणण्याआधी घर कसं होतं, याचा पुरावा हाताशी असावा हा त्यामागचा एक हेतू. अमेरिकेत येण्याआधी मी मुंबईत मेट्रो 3 च्या मार्गावर गिरगावातल्या चाळींमध्ये नेमकं हेच केलं आहे. भिंतीवर मोजपट्टी धरायची, खडूने क्रमांक घालायचा, फोटो काढायचा, आणि दारात उभ्या आजींना "भिंतीला काही होणार नाही ना गं?" याचं उत्तर द्यायचं. म्हणून पुलिस बंधूंच्या फोटोंबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे. या शहरात रस्त्यांचे देखणे फोटो काढणारे कितीतरी होऊन गेले. पण दुकानाच्या उंबऱ्यापासून छपराच्या कडेपर्यंत सगळं सारख्याच काळजीने पाहणारे हे दोघे मला त्यांच्याहून मोठे वाटतात.

या फोटोंचा मोठा संग्रह न्यूयॉर्क हिस्टॉरिकल (पूर्वीची न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी) या संस्थेच्या ग्रंथालयात आहे. तिथे एल्म स्ट्रीटचे फोटो मागवले आणि भिंगाखाली एकेक पाहत बसले. प्रत्येक फोटोवर क्रमांक, जागा, तारीख. खांबांवर टेकवलेल्या फळ्या, चरात उतरलेले मजूर, घोडागाड्या. जे हलले ते पुसट झालेत, जे थांबून कॅमेऱ्याकडे बघत राहिले त्यांच्या कोटाची बटणंसुद्धा मोजता येतात. आणि मग आमचं घर आलं. तारीख 1901 सालची, दारापुढचा रस्ता अजून शाबूत. खिडक्यांच्या दगडी कमानींवरून खात्री पटली. तळमजल्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली संपणारा तडा स्पष्ट दिसत होता. विटांचे थर मोजून मी आजच्या फोटोशी ताडून पाहिले. तोच तडा, त्याच थरांमधून.

भुयार खणण्याआधीच तो तिथे होता. मग तो गेला कशाने? याचं उत्तर नकाशांत होतं. मॅनहॅटनचे आगीच्या विम्यासाठी काढलेले जुने नकाशे एकेक इमारत दाखवतात, विटांची गुलाबी, लाकडाची पिवळी. रुंदीकरणाच्या आधीच्या आणि नंतरच्या नकाशांत आमच्या घराचा आकार वेगळा होता. 1890च्या दशकाच्या अखेरीस एल्म स्ट्रीट रुंद केली तेव्हा या घराचा एक भाग कापला गेला आणि रस्त्याकडे नवी भिंत उभी राहिली. घराचे बाकीचे पाये कित्येक दशकं जमिनीत बसलेले, या भिंतीचा मात्र नवा. दुसरा नकाशा अभियंता एगबर्ट व्हीले यांचा, 1865 चा. शहराच्या रस्त्यांखाली मूळचे ओढे, दलदल आणि भराव कुठे आहेत हे त्यांनी सांडपाणी आणि रोगराईच्या चिंतेतून रेखाटलं, आणि आजही इथले अभियंते पाया खणण्याआधी हा नकाशा उघडतात. या भागात पूर्वी कलेक्ट पाँड नावाचं सुमारे 48 एकरांचं तळं होतं, काही ठिकाणी 60 फूट खोल. एकेकाळी शहर त्याचं पाणी प्यायचं, मग काठावरच्या चामड्याच्या कारखान्यांनी ते नासवलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बुजवण्यात आलं. व्हीलेंच्या नकाशात तळ्याची कड आमच्या प्लॉटच्या अगदी जवळून जाते. भरावावरची नवी भिंत खचली आणि जुन्या घरापासून सुटू लागली. दुसरं काही कारण शोधायची गरज उरली नाही.

कंत्राटदाराच्या माणसाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला. त्याला वाटलं, दावा मिटला. पण त्याच फोटोत तडा दुसऱ्या मजल्यावर थांबत होता. 1901 साली त्याच्या वरची भिंत धड होती. वरचा तडा नंतरचा, आणि भरलेल्या सिमेंटमधली ती स्वच्छ, सुमारे एक मिलिमीटरची फट तर अगदी ताजी. आमच्या खड्ड्याच्या बाजूला ती जास्त रुंद होत होती. अहवालात मी तिन्ही भाग वेगळे लिहिले. खालचा भुयाराच्याही आधीचा, मधला त्यानंतर केव्हातरीचा, आणि ताजी फट आमच्या खोदकामाची. "शेवटचं वाक्य जरा मऊ करता येईल का?" असं विचारलं गेलं. मी नाही म्हटलं. 1901 ची नोंद अर्धी वापरायची आणि अर्धी झाकायची, हे मला करायचं नव्हतं.

खोदकाम थांबलं. खड्ड्याच्या त्या बाजूला आडवे पोलादी टेकू वाढवले, घराच्या पायाखाली टप्प्याटप्प्याने अंडरपिनिंग केलं, म्हणजे जुन्या पायाला खालून नवा आधार दिला, आणि फटीवर मोजपट्ट्या बसवल्या. नंतर फट वाढली नाही. ताज्या नुकसानीची दुरुस्ती कंत्राटदाराच्या विम्यातून झाली, जुन्या तड्याचा खर्च मालकांनी उचलला. मुलीने अहवालाची प्रत वाचून वडिलांना समजावली आणि 1901 च्या फोटोची एक प्रत मागून घेतली. मालकांना तड्यापेक्षा तळमजल्यावरच्या दुकानाच्या पाटीत रस होता. तिथे काय विकत होते हे त्यांनी मला दोनदा विचारलं.

आम्ही आज काढतो त्या हजारो फोटोंची मात्र मला काळजी वाटते. काम संपलं की ते कंत्राटदाराच्या कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडून राहतात, कंपनी बंद झाली की तेही जातात. पुलिस बंधूंच्या प्लेटा टिकल्या, कारण त्या सार्वजनिक कामाचा भाग होत्या आणि कोणीतरी त्या सांभाळल्या. आता प्रत्येक कामाच्या सुरुवातीलाच मी करारात एक अट घालायला सांगते. पाहणीच्या फोटोंचा पूर्ण संच, क्रमांक, दिशा आणि तारखेसकट, छापून घरमालकाला द्यायचा. काही कंत्राटदार कुरकुर करतात. बरेचसे मान्य करतात.