वरच्या स्वल्पविरामाची भानगड

पणजीत जुन्या पोर्तुगीज कागदांची भाषांतरं करून मी पोट भरतो. बावीस वर्षं झाली. जन्माचे दाखले, लग्नाच्या नोंदी, वारसांच्या वाटणीचे इन्व्हेंटारिओ, जे येईल ते. अलीकडे जन्माचे दाखलेच जास्त येतात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतं. आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदला गेला की मुलाचा, मग नातवंडाचा रस्ता मोकळा होतो. युरोपात जायचं असलेली पोरं म्हणूनच आधी आजोबांना घेऊन येतात.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये अशीच एक मुलगी आली. राहणार मालाड, मूळ गाव बार्देशातलं. सोबत ९२ वर्षांचे आजोबा, हातात छत्री आणि प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली फाइल. मुलगी मराठीत बोलत होती, आजोबा कोकणीत, आणि दोघं एकमेकांशी इंग्रजीत. गोव्यात हे नवीन नाही.

"प्रभूबाब, फक्त भाषांतर पाहिजे. बाकी सगळं रेडी आहे," ती म्हणाली.

मी कागद टेबलावर एकाखाली एक मांडले. आजोबांच्या वडिलांचा बाप्तिस्मा, १८९८, चर्चच्या वहीतला उतारा: आडनाव 'दे सोझा', झेडने. आजोबांचा स्वतःचा जन्म, १९३१, सरकारी नोंदणीतला: 'दे सोझा', पण एसने. मुंबईतल्या नोकरीचे कागद: 'डी', त्याच्या डोक्यावर स्वल्पविराम, मग सोझा. शेवटी मुलीच्या वडिलांचा पासपोर्ट: सगळं जोडून एकच शब्द, 'डिसोझा'. एकाच घरातली तीन माणसं आणि आडनावं चार. रेडी काहीच नव्हतं.

"आधीच्या वकिलाने सांगितलं, चर्चवाल्यांनी चूक केली," मुलगी म्हणाली.

चर्चने काहीही चूक केली नव्हती. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली आणि पुढच्याच वर्षी नव्या सरकारने शुद्धलेखन बदललं. दोन स्वरांमधला 'एस' त्यांच्या भाषेत तसाही 'झ'च वाचला जातो, त्यामुळे या नावातला झेड काढून एस घातला तरी उच्चार तोच राहिला. १८९८ च्या पाद्र्याने त्याच्या काळाप्रमाणे लिहिलं, १९३१ च्या कारकुनाने त्याच्या. दोघंही बरोबर. पण ब्राझीलमध्ये आजही दोन्ही रूपं सुखाने नांदतात, आणि आपले सालिगावचे चित्रकार, १९२४ साली जन्मलेले एफ. एन. सोझा, शेवटपर्यंत झेडनेच सही करत राहिले. लोक काही सरकारी अध्यादेशाने आडनाव बदलत नाहीत.

खरी गंमत त्या स्वल्पविरामाची. पोर्तुगीजमध्ये 'दे'मधला स्वर गिळून वर चिन्ह टाकतात ते पुढे स्वर असेल तेव्हाच, 'दे आल्मेदा'चं 'दाल्मेदा' होतं तसं. सोझाच्या आधी त्याला काहीच कारण नाही. डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही रूपं इंग्रजी अमलात आपल्याकडेच घडली. कुणी मला "आमचं डिसोझा अस्सल पोर्तुगीज" असं सांगितलं की मी गप्प बसतो. त्या दिवशी मात्र बसता येईना.

कारण मुलीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. हॉलमध्ये लावलेली फ्रेम, तांबड्या ढालीवर चार चंद्रकोरी. ऑनलाइन मागवलेलं 'कुळाचं चिन्ह'. चिन्ह खोटं नाही, सोझा घराण्याचंच आहे. पण ते घराणं पोर्तुगालच्या उत्तरेतलं. तिथे सोझा नावाची एक छोटी नदी फेल्गेइरासच्या डोंगरात उगम पावते आणि पोर्तूच्या थोडं आधी दोउरू नदीला मिळते. तिच्या खोऱ्यातले सरदार ते 'दे सोझा', म्हणजे 'सोझाचे'. आपल्याकडे गावाला 'कर' लावतात, तसंच. त्यांच्यापैकी मार्तीं आफोन्सो दे सोझाने १५३२ मध्ये ब्राझीलला साओ व्हिसेंती वसवलं आणि १५४२ ते १५४५ तो इथे गव्हर्नर होता. फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले ते त्याच्याबरोबर.

"म्हणजे आम्ही त्याचे?" मुलगी सरसावून बसली.

नाही. बार्देशात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बाप्तिस्मे दिले तेव्हा नवख्रिस्ती माणसाला नाव मिळे ते पाद्रीन्याचं, म्हणजे धर्मपित्याचं, किंवा पाद्र्याने जे दिलं ते. सख्ख्या भावांना वेगवेगळी आडनावं मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. रक्ताचा संबंध नाहीच. आफ्रिकेत बेनिनमध्ये आज दे सोझांचं मोठं कुळ आहे, ते ब्राझीलमधून आलेल्या फ्रान्सिस्को फेलिक्स या गुलामांच्या व्यापाऱ्याचे वंशज. त्या देशाचा एक राष्ट्रप्रमुखही दे सोझाच होता. श्रीलंकेत तेच नाव सोयझा झालं. अमेरिकेत लष्करी बँडच्या मार्चांचा बादशहा जॉन फिलिप सूझा, त्याच्या नावावरून सूझाफोन. सगळ्यांचं मूळ ती एक नदी, पण प्रत्येकाच्या दारात ती वेगळ्या वाटेने पोचली.

आजोबा इतका वेळ शांत होते. आता म्हणाले, "आमी पयलीं परभू."

मी हसलो. आजवर माझ्या टेबलासमोर बसलेला प्रत्येक जण आधी प्रभू, कामत नाहीतर शेणवी होता. शेतमजूर होतो असं अजून कुणी म्हटलेलं नाही. पण असतीलही खरंच, कोण जाणे. माझ्या आजोबांच्या कागदांवर आमचंही 'प्रभू' नव्हतंच, 'पोरोबो' होतं, आणि तोंडाने उच्चारलं की ते आम्हालाच आमचं वाटत नसे.

"अंकल, हा स्वल्पविराम कुणी घातला?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. १९४९ साली मुंबईला गेले, धोबी तलावला गावच्या कुडीत राहिले. कूड म्हणजे गावकऱ्यांची खोली. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीवर मालकाचं नाव. गोदीत नोकरी लागली तेव्हा तिथल्या कारकुनाने न विचारता डी लिहून वर चिन्ह मारलं. पहिल्या पगाराची सही जुळेना. पैसे अडले. मुलीने मोबाइलवर पुढचा फोटो काढला: तीच ट्रंक, आता माळ्यावर. पांढऱ्या रंगात मूळ 'डीई' दिसतंय, त्यातला 'ई' खरवडलेला, आणि त्या जागी वर पिवळसर रंगाचा एक जाड ठिपका.

"हांवेंच," आजोबा म्हणाले. "पगार जाय आशिल्लो." म्हणजे मीच केलं, पगार हवा होता.

चारही नावं एकाच घरातली आणि त्यांतली दोन याच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. बाकीचं काम वकिलाचं. नोटरी शेजारीच बसतो. मजकूर टाइप होऊन आला. मी आजोबांना तीन वेळा बजावलं, सही जन्माच्या नोंदीप्रमाणे करा, 'दे' सुटा, वर काही नाही. त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला, पेन घेतलं आणि सत्तर वर्षांच्या सवयीने ठसठशीत डी काढून वर स्वल्पविराम ठोकला.

मुलगी पावसात दुसरा स्टँप पेपर आणायला गेली.