पंच्याहत्तर हजार सह्या

शनिवार, रात्र

सकाळी समोरच्या घरातल्या बाई दारात. हातात पुठ्ठा, त्याला चिमट्याने लावलेला कागद. इथे कॅलिफोर्नियात आमच्या वसाहतीत घरटी टपालपेटी नाही, कोपऱ्यावर एकाच लोखंडी कपाटात सगळ्यांचे कप्पे आहेत. ते कपाट गेल्या महिन्यात कुणीतरी फोडलं. तेव्हापासून टपाल हवं असेल तर दोन मैलांवर जायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि रांगेत उभं राहायचं. नवं कपाट लवकर बसवा म्हणून हा अर्ज. मी सतरावी सही केली.

सही करताना तोंडातून निघून गेलं, "याची नक्कल ठेवली आहे ना?" बाई नुसत्या हसल्या. प्रश्न माझा नव्हताच, आबांचा होता.

मी सहावी-सातवीत असेन. आमच्या गावात डाकघर नव्हतं. टपालाची थैली एसटीने शेजारच्या गावी उतरायची, तिथून पोस्टमन आठवड्यातून दोनदा आमच्याकडे यायचा, तेही ओढ्याला पाणी नसेल तर. मनीऑर्डर पावसाळ्यात अडकली की घरोघरी उधारी चढायची. आबांनी शाखा डाकघरासाठी अर्ज लिहिला. खाली कार्बन घालून तीन प्रती. एकशे बारा नावं, त्यातली निम्म्याहून जास्त अंगठ्याची. शाईचा पॅड घेऊन ते भर उन्हात वाडीवस्तीवर फिरले होते, आणि मी पॅड धरायला बरोबर. वरून उत्तर आलं ते अंतराचं आणि उत्पन्नाचं. तीन किलोमीटरच्या आत दुसरं डाकघर असेल तर नवं नाही, आणि खर्चाच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढी तिकिटंबिकिटं खपली पाहिजेत. आबा म्हणाले, "डाकघरच नाही तर तिकिटं खपायची कुठं?" आणि दुसरा अर्ज लिहायला बसले.

हे आज आठवायचं कारण सही एवढंच नाही. उद्या डोंगरापलीकडे नेव्हाडात जायचं ठरलंय, प्लेसरव्हिलवरून जनोआला. पोरांना बर्फ बघायचाय. मला जनोआतलं एक थडगं.

रविवार, उशीर झालाय

पन्नास नंबरच्या रस्त्याने प्लेसरव्हिल म्हणजे आमच्या घरापासून जेमतेम अर्धा तास. सोन्याच्या धामधुमीत हे गाव एवढं फुगलं होतं की आजची शांत मुख्य पेठ बघून पटत नाही. तेव्हा त्याला हँगटाउन म्हणत. फाशी देण्याचा उरक होता म्हणून. घंटेच्या मनोऱ्याजवळ उभं राहून कॉफी प्यायली आणि पोरांना म्हटलं, इथल्या माणसांचं सगळ्यात मोठं दुखणं सोनं नव्हतं, घरचं पत्र होतं. थोरला म्हणाला, "आई, आता इतिहास नको." मग गप्प बसले. ते इथे लिहिते.

1849 पासून पूर्वेकडचं टपाल जहाजाने यायचं. न्यूयॉर्कहून पनामा, पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडायची, पुन्हा जहाज आणि मग सॅन फ्रान्सिस्को. सुरुवातीला महिन्यातून एक खेप, पुढे दोन. जहाज दिसलं की टेकडीवरच्या खांबावरून इशारा व्हायचा आणि अख्खं शहर पोस्टाच्या खिडकीकडे धावायचं. रात्रीपासून रांगा. लोक रांगेतली आपली जागा पैसे घेऊन विकत. पण हे झालं शहराचं. डोंगरातल्या खाणीवरच्या माणसाने काय करायचं? पत्र सॅन फ्रान्सिस्कोत पडून, आणि हा चार-पाच दिवसांच्या वाटेवर कमरेएवढ्या पाण्यात उभा. मग अलेक्झांडर टॉडसारखी माणसं पुढे आली. खाणीवर जाऊन नावं लिहून घ्यायची, शहरात जाऊन त्या नावांची पत्रं सोडवायची आणि परत नेऊन द्यायची. पोचवणावळ पत्रामागे एक औंस सोन्याचा चुरा. सरकारी दर तेव्हा 40 सेंट होता, आणि औंसभर सोनं म्हणजे जवळजवळ सोळा डॉलर. तरी लोक देत. आत काय लिहिलंय हे माहीत नसताना.

जमिनीवरून टपाल आणायचा पहिला सरकारी ठेका 1851 साली निघाला. सॅक्रामेंटो ते सॉल्ट लेक सिटी, महिन्याला एक खेप, वर्षाला 14 हजार डॉलर. ठेकेदार दोघे, जॉर्ज चॉर्पेनिंग आणि ॲब्सलम वुडवर्ड. पहिल्याच वर्षी नोव्हेंबरात वुडवर्ड वाटेत मारला गेला. पुढच्या फेब्रुवारीत खेचरं थंडीने मेली आणि माणसांनी थैल्या पाठीवर घेऊन शेवटचे दोनशे मैल पायी काढले. महिन्याला एक खेप हे वाचायला सोपं आहे.

आता सह्यांची गोष्ट. या देशात टपालाचे रस्ते ठरवायचा अधिकार राज्यघटनेनेच काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, दिलेला. म्हणजे तुमच्या गावाला टपाल हवं तर शेवटी वॉशिंग्टनलाच लिहायचं. गावोगावचे लोक लिहायचेही. पण 1856 साली कॅलिफोर्नियाने जे केलं त्याला तोड नाही. मिसुरी नदीपासून रॉकी पर्वतातल्या साऊथ पास या खिंडीतून इथपर्यंत गाडीरस्ता द्या, म्हणजे टपालगाडी येईल आणि माणसंही येतील, असा अर्ज. त्यावर 75 हजार सह्या. चामड्याची बांधणी केलेले दोन ग्रंथ झाले त्याचे. सिनेटर जॉन वेलर यांनी ते मे महिन्यात सिनेटपुढे ठेवले. चार वर्षांनी झालेल्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 3 लाख 80 हजारांच्या आसपास भरली. तेव्हा पाचातल्या एका माणसाची सही, असंच धरा. आणि ते ग्रंथ वॉशिंग्टनला गेले कसे असतील? जहाजाने. ज्या टपालाबद्दल तक्रार, त्याच वाटेने.

काँग्रेसने ऐकलं. म्हणजे ऐकल्यासारखं केलं. 1857 च्या फेब्रुवारीत रस्त्याला पैसे मंजूर झाले, पण तो रस्ता यायचा होता हनी लेकला, प्लेसरव्हिलच्या कितीतरी उत्तरेला. मार्चमध्ये जमिनीवरच्या टपालालाही मंजुरी मिळाली. कायद्यात म्हटलं होतं की गाडी कुठून सोडायची ते ठेकेदाराने निवडावं. पोस्टमास्टर जनरल एरन ब्राउन हे टेनेसीचे. त्यांनी दक्षिणेचा मार्ग ठरवला: सेंट लुईस आणि मेम्फिसहून निघून फोर्ट स्मिथ, एल पासो, टूसॉन, युमा, लॉस एंजेलिस आणि मग वर सॅन फ्रान्सिस्को. सुमारे 2,800 मैल. नकाशावर बैलाच्या मानेवरच्या जोखडासारखा खाली लोंबणारा, म्हणून लोकांनी नावच ठेवलं 'ऑक्सबो'. ब्राउन यांचं म्हणणं, उत्तरेला बर्फ फार. ते अगदीच खोटं नव्हतं, आज मी स्वतः त्या बर्फातून आले. पण साहेबांच्याच राज्यातलं मेम्फिस नेमकं त्या मार्गावर यावं, हाही योगायोगच म्हणायचा!

ठेका जॉन बटरफील्डला, वर्षाला 6 लाख डॉलर, आठवड्यातून दोन खेपा, 25 दिवसांची मुदत. 1858 च्या सप्टेंबरात गाडी सुटली आणि 10 ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत शिरली, चोवीस दिवसांच्या आत. वॉटरमन ऑर्म्सबी नावाचा न्यूयॉर्कचा वार्ताहर या टोकापासून त्या टोकापर्यंत आत बसलेला एकमेव उतारू. पुस्तकांतून दिसते ती काँकर्ड गाडी, चामड्याच्या जाड पट्ट्यांवर झुलणारी, ती ठरावीक टप्प्यांवरच होती. बाकी वाळवंटात हलकी, वरून किंतान ताणलेली गाडी. रात्रीही थांबायचं नाही, फक्त जनावरं बदलायची. काम म्हणून बघितलं तर थक्क व्हावं असंच. पण सह्या ज्यांनी केल्या त्या सॅक्रामेंटो-प्लेसरव्हिलकडच्या माणसांच्या दारावरून ती गाडी गेलीच नाही. वर्षाअखेर हिशेब निघाला तेव्हा त्या मार्गाचं टपाल उत्पन्न सुमारे 27 हजार डॉलर. खर्च 6 लाख. आबांना हा आकडा सांगायलाच हवा.

इकडच्यांच्या समजुतीसाठी 1858 च्या जुलैपासून मधल्या मार्गाने आठवड्याला एक गाडी सुरू केली, सॉल्ट लेकहून प्लेसरव्हिलला, पुन्हा चॉर्पेनिंगचीच. दक्षिणेची मोठी गाडी मधल्या मार्गावर आली ती 1861 साली. अर्जामुळे नाही, यादवी युद्ध पेटलं म्हणून. पोनी एक्सप्रेस या घोडेस्वारांच्या टपालाबद्दल लिहीत नाही, तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि अर्ध्या औंसाला पाच डॉलर घेणारी ती सेवा खाणीवरच्या माणसाची कधी नव्हतीच. दीड वर्षात तार आली आणि घोडे थांबले.

घाट चढताना चाकांना साखळ्या लावायला थांबवलं. पाऊण तास गेला. एको समिट सात हजार फुटांच्या वर आहे. पोरं खूश, नवरा वैतागलेला, आणि मी खिडकीतून तो उतार बघत बसलेली. या डोंगरापलीकडे कार्सन खोरं. तेव्हा ते युटाह टेरिटरीत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशात, मोडायचं. सरकार सॉल्ट लेकला, मधे सगळं वाळवंट, आणि सोयीची पेठ प्लेसरव्हिल, मधे हा डोंगर. हिवाळ्यात तिथली वस्ती जगातून पुसल्यासारखी व्हायची. 1857 मध्ये त्या लोकांनीही जनोआत सभा घेतली आणि आम्हाला वेगळी टेरिटरी द्या म्हणून काँग्रेसला अर्ज केला. तोही लगेच नाही फळला.

त्यांचं टपाल आणलं जॉन थॉमसनने. नॉर्वेतल्या टेलेमार्कचा शेतकऱ्याचा पोरगा. लहानपणी बर्फावर चालायला लाकडाच्या फळ्या वापरलेल्या, त्या आठवून त्याने इथे ओकच्या फळ्या तासल्या. दहा फूट लांब, पंचवीस पौंड वजन. आपण ज्याला स्की म्हणतो तेच, पण इथल्या बहुतेकांनी तोवर तसलं काही बघितलं नव्हतं, त्यांनी 'स्नोशू' म्हटलं आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. 1856 च्या जानेवारीपासून प्लेसरव्हिल ते जनोआ, 90 मैल. जाताना तीन दिवस, येताना दोन. पाठीवर 60 ते 100 पौंड. पांघरूण घ्यायचा नाही, वजन होतं म्हणून. तोंडाला कोळसा फासायचा, बर्फावरच्या उन्हाने डोळे जाऊ नयेत म्हणून. पत्रांबरोबर औषधं, सुया, कुणाची काय मागणी असेल ती. जनोआत 1858 साली वर्तमानपत्र निघालं त्याचे छपाईचे खिळेही यानेच आणले म्हणतात. आपल्याकडच्या हरकाऱ्याच्या भाल्याला घुंगरं असायची, जनावर लांब राहावं आणि गावाला चाहूल लागावी म्हणून. याच्याकडे तीही नाहीत. वरून काळा ठिपका घसरत येताना दिसायचा आणि लोक घराबाहेर यायचे.

वीसेक हिवाळे त्याने हे केलं. पैसे? जवळजवळ नाहीतच. लेखी करार कधी झाला नाही, नुसते शब्द. शेवटी नेव्हाडाच्या विधिमंडळाने त्याच्यासाठी काँग्रेसकडे 6 हजार डॉलर मागितले. तो स्वतः वॉशिंग्टनला गेला. जाताना आगगाडी बर्फात अडकली, तर हा उतरून चालत निघाला, असं सांगतात. आश्वासनं घेऊन परत आला. 1876 च्या मे महिन्यात वारला.

जनोआ (तिथले लोक असंच म्हणतात, 'नो'वर जोर देऊन, मी इटलीसारखं 'जेनोवा' म्हटलं तर दुकानदाराने लगेच दुरुस्त केलं) हे एवढंसं गाव. स्मशानात बर्फ घोट्यापर्यंत. पांढऱ्या दगडावर एकमेकींवर ठेवलेल्या दोन फळ्या कोरल्यात. धाकटीने विचारलं, "हा कोण?" म्हटलं, पोस्टमन. ती म्हणाली, "मग त्याने अजून आपल्याकडे का नाही आणलं?" नवरा हसला. मला उत्तर सुचलं नाही.

सोमवार

आबांना फोन. तिकडे रात्र, जेवण झालेलं. सगळं सांगितलं. ते मधे मधे हुंकार देत होते.

"किती म्हणालीस? पंच्याहत्तर हजार?"

"हो."

"त्यात अंगठे किती?"

म्हटलं, ते कुठे लिहिलेलं नाही. ते जरा नाराज झाले. मग सहा लाख आणि सत्तावीस हजारांचा हिशेब सांगितला. पलीकडे शांतता, आणि मग खो खो हसू. "तिसरा हिस्सासुद्धा नाही की गं! आणि आम्हाला म्हणाले उत्पन्न दाखवा." किती वेळ हसत होते. आईने फोन घेऊन विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

परत फोनवर आले तेव्हा आवाज बदललेला. आमच्या गावाला डाकघर मिळालं ते चौथ्या अर्जाला, शाळेतले गुरुजीच शाखा डाकपाल झाले, कुलूपबंद पेटी मारुतीच्या देवळाच्या भिंतीला. तोवर मी शिकायला बाहेर पडले होते. त्या पेटीत माझं एकही पत्र पडलं नाही, मी येणारीच पत्रं लिहायचे. हे त्यांनी सांगितलं नाही, मीच आठवत होते. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"त्या थॉमसनला पैसे मिळाले का मग?"

"नाही आबा."

"लेखी काही होतं त्याच्याकडे?"

"नव्हतं. तोंडीच सगळं."

"हं. सगळ्यांची कागदपत्रं वाहिली पाठीवर," ते म्हणाले, "आणि स्वतःचा एक कागद नाही केला."

गुरुवार

कपाट अजून फुटकंच. बाई सांगत होत्या, अर्ज परवा दिला, चौतीस सह्या झाल्या. पोच घेतली का विचारलं. घेतली नाही म्हणाल्या. पण द्यायच्या आधी फोनवर फोटो काढून ठेवला होता, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, म्हणून." तो मागून घेतला आणि आबांना पाठवला. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं: तारीख घातलेली नाही.