विजापूरची संध्याकाळ: कुठली वास्तू, कोणत्या वेळी

सोलापूरहून विजापूर साधारण १०० किलोमीटर. सकाळी निघून गोलघुमटात आवाज घुमवायचा, मुलुख मैदान तोफेपाशी फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचं, असाच बहुतेकांचा बेत असतो. जुन्या वास्तूंचे फोटो मनापासून काढणाऱ्यांनी मात्र इथे मुक्कामच करावा. इथला काळा पाषाण दुपारच्या उन्हात सपाट, धुरकट दिसतो. ऊन तिरपं झालं की त्याच दगडावरच्या कमळपाकळ्या, छज्जाखालचे घोडे (छज्जा पेलणारे कोरीव दगडी आधार), जाळ्यांमधली अक्षरं एकेक करून उठून येतात.

आम्ही डिसेंबरात गेलो आणि यापुढेही हिवाळ्यातच जाणार. हवा बरी असते हे आहेच, पण खरं कारण सूर्याचं आहे. या दिवसांत तो नैर्ऋत्येकडे झुकून मावळतो, त्यामुळे वास्तूंच्या दक्षिणेकडच्या भिंतींवर शेवटपर्यंत ऊन राहतं. मे महिन्यात तो वायव्येकडे सरकलेला असतो आणि त्याच भिंती संध्याकाळी सावलीत जातात. शिवाय मे महिन्यात सूर्यास्त पावणेसातच्याही पुढे होतो आणि आवारातून बाहेर काढणाऱ्या शिट्ट्या ६ च्या सुमारासच सुरू होतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्यास्त ६ च्या आगेमागे असल्यामुळे सोनेरी ऊन आपल्याला आत असतानाच मिळतं.

पहिली संध्याकाळ इब्राहिम रोझ्याला द्या, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (१५८०-१६२७) ही कबर आणि तिच्यासमोरची मशीद एकाच जोत्यावर आहेत. मध्ये हौद, पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद. या मांडणीमुळे संध्याकाळी मशिदीची सावली हळूहळू कबरीच्या पश्चिम अंगावर चढते. दर्शनी ओवरी आधी काळवंडते, मग छज्जे, आणि शेवटी फक्त मिनार आणि घुमट उजळलेले उरतात. हौदापाशी उभं राहून हे सगळं बघण्यासारखं आहे, पण फोटोसाठी कबरीच्या दक्षिणेकडच्या हिरवळीवर जा. तिथून दक्षिणेची भिंत तिरप्या उन्हात मिळते आणि मिनारांवरचं नाजूक काम सावल्यांमुळे खोल दिसतं. साडेचारपर्यंत पोहोचा. आतल्या ओवरीतलं कोरीवकाम आधी टिपून घ्या, कारण तिथला उजेड लवकर जातो. मशिदीचा दर्शनी भाग पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे तो संध्याकाळी हाती लागत नाही. त्यासाठी सकाळी परत यावं लागेल, आणि यावंच.

गोलघुमट जवळून संध्याकाळी मला तितकासा भावत नाही. बाहेरून ४४ मीटर व्यासाचा तो घुमट पायथ्याशी उभं राहिलं की चौकटीत मावत नाही आणि समोरची नक्कारखान्याची इमारत मध्ये येते. त्याला दुरून पाहावं. शहराच्या पश्चिम भागात उपली बुरूज आहे, १५८४ मधला, जवळजवळ ८० फूट उंच, बाहेरून गोल फिरत वर जाणाऱ्या पायऱ्यांचा. वर दोन लांबलचक तोफा पडलेल्या आहेत. तिथून पूर्वेकडे बघितलं की सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि घरांच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, झाडं यांच्यावर गोलघुमट उन्हात न्हालेला दिसतो. महम्मद आदिलशहाने आपल्या कबरीसाठी केवढी प्रचंड वास्तू उभारली ते या अंतरावरूनच कळतं. दूरचं जवळ आणणारी २०० ते ३०० मिमीची लेन्स हवी. मोबाइलवर घुमट फार छोटा येतो. पायऱ्यांना बाहेरच्या बाजूने फारसा आधार नाही, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर हात धरून चढा आणि अंधार पडण्याआधी उतरा.

सूर्य बुडाल्यावर बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर, त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १६७२ पर्यंत पुरी झालीच नाही. छत नाही, घुमट नाही, नुसत्या उंच काळ्या कमानी. पूर्वेच्या बाजूला उभं राहून पश्चिमेच्या आभाळावर कॅमेरा रोखा. सूर्यास्तानंतरची वीसेक मिनिटं आभाळ तांबूस, मग जांभळं, मग गडद निळं होत जातं. कॅमेऱ्यात उजेडाचं मोजमाप आभाळावरून घ्या आणि कमानी काळ्या राहू द्या. त्या उजळवायच्या नादात आभाळ पांढरं पडतं. फाटक बंद झालं असेल तर कुंपणाबाहेरूनही वरच्या कमानी नीट मिळतात.

कॅमेऱ्याबद्दल थोडंसं. काळा दगड चौकटभर असला की कॅमेरा फोटो नको तितका उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप (उजेड मोजायची पायरी) कमी ठेवा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, काढा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, ड्रोन तर आणूच नका. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढवून कठड्याला टेकून काम भागतं.

स्टेशनजवळ उतरलात तर गोलघुमट हाकेवर आहे, पण इब्राहिम रोझा गावाच्या दुसऱ्या टोकाला, कोटाबाहेर. मधल्या बाजारात संध्याकाळी रिक्षा अडकते, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा. टांगे अजून आहेत. टांगेवाल्या मामांना कुठे, किती वेळ थांबायचं ते आणि भाडं आधीच ठरवा. अनेकांना मराठी चांगलं समजतं. रात्री एखाद्या खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली तर दुसरीकडे जाऊ नका, आणि निजण्याआधी बॅटऱ्या चार्जिंगला लावा, कारण इब्राहिम रोझ्याच्या मशिदीसाठी सकाळी दरवाजा उघडतानाच पोहोचायचं आहे.