तुम्ही विचारलंत म्हणून: आमची मुलं किनाऱ्यावरून रिकाम्या हातांनी का येतात

"मॅडम, तुमच्या विद्यार्थ्यांना साधा शिंपलाही उचलू देत नाही म्हणे?" सहकारी विचारतात, पालक विचारतात, दर वर्षी नव्या तुकडीतलं कुणीतरी विचारतंच. समुद्रविज्ञान शिकवते आणि नमुने गोळा करू देत नाही, म्हणजे बाई हळवी असणार, असं ठरवून लोक मोकळे होतात. आजवर थातुरमातुर उत्तरं देऊन वेळ मारून नेली. आता एकदाच नीट सांगते.

मी पूर्वी अशी नव्हते. प्रत्येकाने निदान एक नमुना आणायचाच, हा माझाच नियम होता. चाळीस मुलं, चाळीस बरण्या. त्या दिवशी ओहोटी खूप खाली गेली होती, एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडले होते. एका मुलाने मोठा दगड उलटवला आणि मला हाक मारली. दगडाच्या पोटाला एक कवडी चिकटून होती. जिवंत कवडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, तिचं कवच बहुतेक वेळा दिसतच नाही. मऊ प्रावाराचे, म्हणजे कवडीच्या अंगाच्या कातडीसारख्या आवरणाचे, दोन पदर दोन्ही बाजूंनी वर येऊन पाठीवर मिळालेले असतात. कवडीला जी झळाळी असते ती या पदरांमुळेच. मुलाने बोट लावलं तसे पदर सावकाश आत गेले आणि खालून लखलखीत कवच उघडं झालं.

ती सुटता सुटेना. शेवटी मी स्वतः चाकूचं पातं सरकवून तिला सोडवलं. खाली अंडी होती, पिवळसर, बारीक कुप्यांचा एकमेकींना चिकटलेला पुंजका. मादी कवडी अंडी घालते आणि त्यांच्यावर बसून राहते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं, डोळ्यांनी मात्र पहिल्यांदाच बघत होते. मला अतोनात आनंद झाला. गुडघे टेकून बसले, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि अंड्यांची राखण कशी होते यावर चांगली दहा मिनिटं बोलले. बोलता बोलताच कवडी बरणीत टाकली, नमुने टिकवायचं विषारी रसायन, फॉर्मॅलिन, ओतलं, चिठ्ठी चिकटवली.

मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आता ती अंडी कोण राखणार?"

मी म्हणाले, "एका कवडीने काही बिघडत नाही." ती म्हणाली, "परत ठेवू या ना." मी बरणीकडे पाहिलं. कवडीचा पाय अजून हलत होता, पण परत ठेवण्याची वेळ निघून गेली होती. दगड तसाच उताणा राहिला. निघताना मागे वळून पाहिलं तर एक लहानसा खेकडा त्या पुंजक्यातल्या कुप्या चिमट्याने एकेक टिपत होता. भरती चढायला लागली होती. आम्ही निघालो. त्या मुलाला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

आता तुम्ही म्हणाल, खेकडा काय, आज नाही तर उद्या आलाच असता. जाळी ओढणारी एक बोट एका फेरीत जितके जीव मारते तितके तुमचे विद्यार्थी जन्मभरात गोळा करणार नाहीत. खरं आहे. हेच मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत होते. पण बोटीवरचा माणूस 'मी समुद्र जपायला शिकवतो' असं म्हणत नाही. मी म्हणते. आणि उताण्या पडलेल्या दगडाखालचे स्पंज उन्हात वाळतात, वरची शेवाळं अंधारात मरतात, हे मला माहीत असूनही चाळीस मुलांपैकी एकालाही 'दगड होता तसा ठेव' असं सांगावंसं वाटलं नव्हतं. रिकामा शंखही आता उचलू देत नाही, तो संन्यासी खेकड्याचं पुढचं घर असतो.

मोठ्या संशोधनातही हेच चालतं. 2006 साली आइसलँडजवळच्या समुद्रातून शिंपल्यांचे नमुने काढले, त्यांतला एक पुढे 507 वर्षांचा निघाला. वय कळलं ते तो मेल्यावर. संशोधकांवर लोक तुटून पडले. तेव्हा मीही तावातावाने बोलले होते. आज तेवढ्या जोरात बोलणार नाही. त्याच जातीचे शिंपले खाण्यासाठी भरपूर काढले जातात, त्यांचं वय कुणी मोजतही नाही. शिवाय त्यांच्या कवचावरच्या वलयांतूनच जुन्या समुद्राची हकीकत वाचता येते.

1989 मध्ये पेरूच्या किनाऱ्यापासून दूर, चार हजार मीटरहून खोल असलेल्या समुद्रतळावर शास्त्रज्ञांनी मुद्दाम नांगर फिरवला. खोल समुद्रातल्या खाणकामाने काय होईल ते बघायचं होतं. 26 वर्षांनी, 2015 मध्ये, पुन्हा जाऊन पाहिलं तर नांगराचे माग तसेच होते. हे चूक होतं का? तो तळ त्यांनीच उकरला. पण उकरला नसता तर आज खाणवाल्यांसमोर ठेवायला तेवढाही पुरावा नसता. आणि 1967 साली ब्रिटिश शास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होत असल्याचं दाखवलं, ते संग्रहातल्या जुन्या अंड्यांशी तुलना करून. घरट्यांतून अंडी उचलणाऱ्यांनीच ती जमवलेली होती. डीडीटी या कीटकनाशकाचा धोका कळायला त्यांची मदत झाली. याला माझ्याकडे उत्तर नाही.

माझ्यातली जुनी बाई मला नेमकं इथेच गाठते. म्हणते, तू या विषयात आलीस ती लहानपणी खिशात घालून आणलेल्या एका शंखामुळे. तुझा शंख तुला मिळाला, आता या मुलांना का अडवतेस? मी म्हणते, मुलं बघतात, मोजतात, चित्रं काढतात, दगड होता तसा ठेवतात. ती विचारते, आणि त्यांना समुद्र आवडायला लागतो का? काहींना लागतो. काही सरळ कंटाळतात. एकाने तर प्रतिसादाच्या कागदावर लिहिलं, 'संग्रहालयात हात लावू नका अशी पाटी असते, तसं वाटलं.' मला ते लागलं, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

सध्या माझी एक विद्यार्थिनी लिंपेटच्या, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या, टोपीसारख्या कवचाच्या समुद्री गोगलगायीच्या, जनुकांवर काम करू पाहते आहे. तिला वीस लिंपेट हवेत, जिवंत काढलेले. मी विचारलं, बारांत भागणार नाही? तिने मला शांतपणे गणित मांडून दाखवलं. गणित बरोबर आहे, मी दोनदा तपासलं. तिच्या अर्जावर मी अजून सही केलेली नाही.