दूध आलं होतं का?

बीड जिल्ह्यात तिशीच्या आसपासच्या बाईची पाळी बंद आहे म्हटलं की आमचा पहिला प्रश्न असतो, "पिशवी काढलीय का?" बाहेरून आलेल्या डॉक्टरला हा प्रश्न विचित्र वाटतो. इथे कुणाला वाटत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांवरून 2019 मध्ये राज्यभर गदारोळ झाला, सरकारने समिती नेमली, पण इथल्या दवाखान्यांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. त्या दुपारी कॅज्युअल्टीत सिस्टरनेही सवयीने तोच प्रश्न टाकला. पेशंट बोलण्याच्या स्थितीत नव्हती. सासू म्हणाली, "पिशवी हाय की. पर पाळी न्हाई. ह्यो पोरगा झाल्यापून न्हाई."

पोरगा शेजारीच उभा होता. सहा वर्षांचा.

आषाढ चालू होता, जुलाब-उलट्यांनी वॉर्ड भरलेला. हिलाही दोन दिवस तेच. सकाळपासून बरळायला लागली, मग हाकेला ओ देईना, म्हणून दिराने मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलेली. रक्तदाब वरचा 70, शुगर 38. शिरेतून 25 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज गेल्यावर तिने डोळे उघडले, पण सलाईन पळवूनही रक्तदाब काही वर येईना. मला तेच खटकत होतं. हिच्यापेक्षा तिप्पट जुलाब झालेल्या बायका पलीकडे उठून बसून चहा पीत होत्या. जुलाबांनी एवढं कोसळायचं कारण नव्हतं. मधुमेह नाही, त्याची गोळी नाही, मग शुगर 38 कशी? तेवढ्यात रक्तातलं सोडियम आलं, 112, म्हणजे फारच खाली.

ईसीजीच्या तारा लावताना हात वर केला तर काखेत एक केस नाही. कातडी कोरडी, मेणासारखी पांढुरकी, डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास होतं, म्हणजे हा पांढरेपणा नुसता रक्त कमी असल्याचा नव्हता. वय लिहिलेलं 28. मी पंचेचाळीस म्हटलं असतं.

लघवीची गरोदरपणाची तपासणी मी आधीच करून घेतली होती. पाळी नाही म्हटल्यावर ती चुकवायची नाही, बाई काहीही सांगो. "अंगावर पाजतेय म्हणून पाळी नाही" असं सांगणाऱ्या बायका पाच महिन्यांच्या निघालेल्या इथे सगळ्यांनी पाहिल्यात. पाजण्याने दिवस राहत नाहीत हे खरं, पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, वरचं काही घेत नसेल आणि पाळी परतली नसेल तरच. तिन्ही एकदम हवं. हिची तपासणी निगेटिव्ह आली.

सासूने कॅरीबॅगमधून जुने कागद काढले. टॉनिकं, लोहाच्या गोळ्या, ताकदीची इंजेक्शनं, एका ठिकाणी उदासपणाच्या गोळ्या. कुणी पाळीसाठी गोळ्या दिल्या होत्या. घेतल्या की यायची, बंद केल्या की बंद. थायरॉइड दोनदा तपासलेलं. दोन्ही वेळा फक्त टीएसएच, दोन्ही वेळा मर्यादेत, आणि त्यावर पेनने गोल करून लिहिलेलं, "नॉर्मल".

मी विचारलं, "बाळंतपण कुठं झालं?"

"फडावर," सासू म्हणाली. तिकडे, पश्चिमेला, कारखान्यावर. महिना भरायचा होता, पण मजुरीची आगाऊ उचल घेतलेली, राहता येत नव्हतं. दिवसभर मोळ्या बांधल्या आणि रात्री कोपीत पोट दुखायला लागलं. पोरगा झाला, वार पडेना. "रगात जायाचं थांबंचना. गोधडी भिजली, खालची माती भिजली." ट्रॅक्टर मिळून दवाखाना गाठेपर्यंत ती बेशुद्ध. चार बाटल्या रक्त चढवलं. वाचली.

"दूध आलं होतं का?"

सासूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरातलं भांडण ऐकून आले होते. "थेंब न्हाई. अळीव दिलं, डिंक दिला, शतावर आणली, मेथ्या दिल्या. छाती भरलीच न्हाई. शेळीच्या दुधावर वाढला ह्यो." मग आवाज खाली करून, "पाजायचंच नव्हतं तिला, असं समदे म्हणायचे. म्या बी म्हणायची."

एवढं ऐकल्यावर निदानाला फार काही उरत नाही. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. गरोदरपणात दूध आणणाऱ्या पेशी वाढतात, म्हणून ती फुगते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. बाळंतपणात अफाट रक्त गेलं, रक्तदाब पडला, की तिचा पुढचा भाग रक्तावाचून मरतो. ग्लासगोच्या हॅरोल्ड शीहान यांनी 1937 मध्ये याचं वर्णन केलं आणि त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. जिथे बाळंतिणीला वेळेत रक्त मिळतं तिथे तो क्वचित दिसतो.

पहिली खूण दुधाची. मग पाळी परतत नाही, अंगावरचे केस झडतात, थंडी सोसत नाही, बाई कोमेजत जाते. हे इतकं हळू होतं की बाळंतपणाशी कुणी जोडतच नाही. थायरॉइडचा रिपोर्ट फसवतो तोही इथेच. टीएसएच हा पिट्युटरीने थायरॉइडला पाठवलेला हुकूम. हुकूम देणारीच निकामी झाली तर तो आकडा साधारण दिसू शकतो आणि थायरॉइड मात्र रिकामं बसतं. सोबत टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, मागवल्याशिवाय कळत नाही.

आत्ता तिला मारत होती ती कॉर्टिसोलची कमतरता. आजारपणाचा ताण सोसायला लागणारं हे हार्मोन, आणि त्याचाही हुकूम पिट्युटरीच देते. एरवी थोडक्यावर शरीर तग धरतं, जुलाब-तापात धरत नाही. कॉर्टिसोल, टी-फोर आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन यांसाठी रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलची जागा घेणारं स्टेरॉइड, 100 मिलिग्रॅम शिरेतून दिलं. रिपोर्ट बाहेरगावहून येणार होते. तोवर थांबणं म्हणजे तिला घालवणं. दोन तासांत रक्तदाब सावरला. रात्रभर काम होतं ते सोडियमचं. हायड्रोकॉर्टिसोनने ते झपाट्याने चढू शकतं आणि एकदम चढलं तर मेंदूला इजा होते, म्हणून सारखं रक्त काढून सलाईन कमी-जास्त करत बसलो.

सकाळी तिने भाकरी मागितली. सासू रडायला लागली, आणि ही तिला विचारत होती की कोरड्यास काय आहे.

कॉर्टिसोल जवळजवळ नव्हतंच. टी-फोर खाली, प्रोलॅक्टिन खाली, टीएसएच पुन्हा "नॉर्मल". नंतर केलेल्या एमआरआयमध्ये ग्रंथीची जागा बहुतेक रिकामी. थायरॉइडची गोळी मी मुद्दाम थांबून, स्टेरॉइड नीट बसल्यावर सुरू केली. हा क्रम उलटा झाला तर उरलंसुरलं कॉर्टिसोल संपतं आणि पेशंट पुन्हा कोसळते.

नवरा तिसऱ्या दिवशी आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको फडात बसायला लागल्यापासून यांचा अर्धा कोयता झाला होता, उचल अंगावर राहत होती, आणि त्याच्या लेखी ती कामचुकार होती. मी त्याला एमआरआय दाखवला. त्याला काय कळलं कोण जाणे, पण बराच वेळ तो फिल्म उजेडात धरून उभा होता. मग दुसऱ्या मुलाचं विचारलं. पिशवी आणि बीजकोश ठीक आहेत, इंजेक्शनं देऊन दिवस राहू शकतात, पण खर्च मोठा आणि मोठ्या शहरात राहावं लागेल, असं सांगितलं. पाळीही आता हार्मोनच्या गोळ्यांनी येईल, हाडांसाठी त्या हव्यातच.

तिचा प्रश्न वेगळा होता. "ह्या गोळ्या तवा मिळाल्या असत्या तर दूध आलं असतं?"

"नाही. दूध आणणारा भागच गेला होता. कशानेच आलं नसतं."

"आत्याबाईंना सांगा," ती म्हणाली. आत्याबाई तिथेच, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दिवाळीनंतर ती फडावर जाणार हे मला दिसत होतंच. नको म्हणून उपयोग नव्हता. म्हणून एक पत्र केलं. हा आजार, रोज प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी, ताप आला तर डोस दुप्पट, उलट्या झाल्या तर गोळीवर विसंबू नका, ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. यंदा कारखाना बेळगावकडचा होता, तेव्हा मराठीखाली इंग्रजीतही लिहिलं आणि लॅमिनेट करून दिलं. स्टेरॉइड वाईट असं कुणीही सांगितलं तरी एक दिवससुद्धा बंद करायचं नाही, हे नवऱ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

पत्राची एक प्रत टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे असावी असं मला वाटत होतं. रात्री गाडी त्यालाच काढावी लागणार. नवऱ्यालाही पटलं. तिला पटलं नाही. आजारी बाई म्हटल्यावर उचल कमी देतील, म्हणाली, आणि दोन्ही प्रती स्वतःच्या पिशवीत टाकल्या.